कीबोर्ड काल लागत होता, आज लॅपटॉपला दिसंना झालाय: दरवेळी नवीन केबल घ्यायच्या आधी हे बघा

"परवापर्यंत चालत होता की ओ, आज लागंनाच झालाय." गणपती जवळ आले की असले फोन जरा जास्तच येतात, कारण मंडळाची आरती नाहीतर भजनाचे दोन ट्रॅक घरीच बसून करायचे असतात, वाजवायचा कीबोर्ड असतो, लॅपटॉप असतो, मध्ये एक केबल असते आणि लॅपटॉप म्हणतो कसला कीबोर्ड, मला काय दिसंना. मग माणूस केबल बदलतो, त्या दिवशी चालतं, म्हणजे केबलच गेली होती असं ठरतं, आठ दिवसांनी परत तेच. मग कोणतरी सांगतं विंडोज नवीन टाक, तेही टाकून होतं, थोडे दिवस बरं चालतं आणि परत पहिले पाढे पंचावन्न.

ह्यात गंमत अशी आहे की केबल बदलताना आपण फक्त केबल बदलत नाही. कीबोर्ड बंद करून चालू करतो, सॉफ्टवेअर बंद करून उघडतो, बहुतेक वेळा लॅपटॉपचं पोर्टही दुसरंच वापरतो, आणि ह्या चारातल्या कुठल्यातरी एका गोष्टीनं काम झालेलं असतं पण नाव केबलचं होतं. म्हणून प्रॉब्लेम परत येतो. "दिसंना" हे लक्षण एकच, पण तुटायच्या जागा चार आहेत, लाईट, केबल, विंडोज आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. कुठली जागा ते आधी शोधा, पैसे नंतर घाला. आपल्या बेळगाव भागात तर माझं मत असं झालंय की निम्म्या वेळा भानगड लाईटची असते आणि शिव्या कॉम्प्युटरला बसतात.

आधी एक गोष्ट क्लिअर करून घेऊ, कारण बऱ्याच जणांचा प्रॉब्लेम मुळात प्रॉब्लेमच नसतो. यूएसबीनं कीबोर्ड जोडला की साधारणपणे त्यातून आवाज जात नाही, मिडी जाते. मिडी म्हणजे कुठली की दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली, एवढीच माहिती. पेटीवाल्याच्या हातात स्वर लिहिलेला कागद दिल्यासारखं आहे ते, कागद वाजत नाही, पेटी लागते. कॉम्प्युटरमधली पेटी म्हणजे सॉफ्टवेअरमधलं इन्स्ट्रुमेंट. म्हणून कीबोर्डवर तुम्ही सतार लावून वाजवलं तरी कॉम्प्युटरमध्ये पियानो वाजू शकतो, किंवा काहीच वाजत नाही, आणि दोन्हीत कीबोर्ड, केबल सगळं ठणठणीत असतं. काही मॉडेल यूएसबीतूनच आवाजही देतात पण ते मॅन्युअलमध्ये यूएसबी ऑडिओ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच, नुसतं यूएसबी मिडी लिहिलं असेल तर आवाजाची आशा सोडा, त्याची वेगळी वायर लागते, त्यावर खाली येतो. ही मिडी १९८३ ची आहे, रोलंडचे इकुतारो काकेहाशी आणि सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ ह्या दोघांना तिच्यासाठी २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं, आणि चाळीस वर्षांमागची ती गोल पाच पिनांची वायर आजच्या मशीनलाही लागते. एवढं जुनं आणि एवढं टिकलेलं कॉम्प्युटरच्या दुनियेत फारसं काही नाही, त्यामुळे मिडीच खराब आहे असं सहसा नसतं.

आता शोधायचं कसं. सगळे जण एका टोकापासून सुरू करतात, मी मधूनच सुरू करतो. मिडी-ऑक्स नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर विंडोजवर मिळतं, दिसायला अगदी जुनाट, पण काम चोख. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर पूर्ण बंद करा, मिडी-ऑक्स उघडा, ऑप्शन्समध्ये मिडी डिव्हायसेस मध्ये जाऊन इनपुटला तुमचा कीबोर्ड निवडा आणि मधला सा, म्हणजे पांढरी एकचा मधला सी, दाबा. खिडकीत एक ओळ उमटली पाहिजे, त्यात ९० मग ३सी आणि त्यानंतर एक आकडा, तो आकडा हळू दाबलं की लहान, जोरात दाबलं की मोठा. की सोडली की अजून एक ओळ. हे दिसलं म्हणजे कीबोर्ड, केबल, पोर्ट, ड्रायव्हर (कीबोर्ड आणि विंडोजमधला दुभाषी), विंडोज सगळं बरोबर आहे, आता तिकडं परत बघायचंच नाही, भानगड रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या आत आहे. नाही दिसलं तर उलट, सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये रात्र घालवू नका, मागं जा. काही कीबोर्डवर काही न दाबतासुद्धा एफई एफई असं सारखं येत राहतं, घाबरायचं नाही, ते ॲक्टिव्ह सेन्सिंग, मी आहे मी आहे असं कीबोर्ड सांगत असतो.

आणि हो, बघून झालं की मिडी-ऑक्स बंद करा. विंडोजवर जुन्या पद्धतीचा मिडी ड्रायव्हर सहसा एका वेळी एकाच प्रोग्रॅमला पोर्ट देतो, त्यामुळे मिडी-ऑक्स उघडं ठेवून रीपर (हे एक रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) चालू केलं तर रीपर म्हणणार डिव्हाइस उघडत नाही, आणि तपासायला आणलेलं औजारच प्रॉब्लेम होऊन बसणार. हीच गोष्ट ब्राऊझरची. ऑनलाईन पियानो शिकायच्या साईट असतात ना, क्रोममध्ये त्या मिडीची परवानगी मागतात, आपण एकदा अलाऊ दाबलेलं असतं, ती टॅब मागं कुठंतरी उघडी असते आणि ती पोर्ट धरून बसलेली असते. पोरं त्याच लॅपटॉपवर शिकत असतील तर हे आधी बघा.

समजा मिडी-ऑक्समध्ये काहीच येईना. मग लाईटपासून सुरू.

चिकोडीकडच्या एका भजनी मंडळातल्या पोराची तक्रार होती की कीबोर्ड बरोबर अर्ध्या तासानं गायब होतो. बरोबर अर्ध्या तासानं. केबल अर्धा तास मोजून खराब होत नाही. ते ऑटो पॉवर ऑफ असतं, बॅटरी वाचावी म्हणून कीबोर्ड काही वेळ कुणी हात लावला नाही तर स्वतःच बंद होतो, यामाहाच्या घरगुती पीएसआर मॉडेलांत तो वेळ कंपनीतून येताना ३० मिनिटं ठेवलेला असतो. तुम्ही तिकडं मिक्सिंग करत बसलेला असता, तबल्याचा आवाज वर खाली करता, कीबोर्डला कुणी शिवत नाही, तो झोपतो, यूएसबी सुटते, आणि पुढची ओळ वाजवायला गेलात की लॅपटॉपला दिसंना. यामाहाच्या बऱ्याच मॉडेलांत अगदी डावीकडची सगळ्यात खालची की दाबून धरून पॉवर चालू केली की ही सोय बंद होते, फंक्शन मेनूतूनही करता येतं. कॅसिओमध्येही ही सोय आहे, बंद करायची पद्धत मॉडेलप्रमाणे बदलते, मॅन्युअलमध्ये ऑटो पॉवर ऑफ शोधा. पाच मिनिटांचं काम आहे, पण हे माहीत नसल्यामुळे लोकांनी कीबोर्ड विकायला काढलेले मी बघितलेत.

दुसरी गोष्ट खरी लाईट. पावसाळ्यात खानापूरकडं तर विचारायला नको, पण शहरातसुद्धा एक झटका येतो, ट्यूब मिचकते आणि परत येते, पंखा थांबतसुद्धा नाही. लॅपटॉपला बॅटरी असते म्हणून त्याला कळत नाही, पण ॲडॉप्टरवरचा कीबोर्ड तेवढ्यात बंद होऊन चालू होतो किंवा बंदच राहतो. आता विंडोजच्या लेखी जुना कीबोर्ड निघून गेला आणि नवा आला. विंडोज त्याला ओळखतं पण रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर अजून त्या गेलेल्याचाच हात धरून बसलेलं असतं. त्यामुळे डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, कीबोर्ड दिसतो आणि ट्रॅकवर काही येत नाही, हे जे सगळ्यात जास्त डोकं खाणारं रूप आहे ते बहुतेक वेळा इथून येतं. उपाय, सेव्ह करा, सॉफ्टवेअर बंद करून परत उघडा. रीपरमध्ये ॲक्शन लिस्टमध्ये रिसेट ऑल मिडी डिव्हायसेस असं आहे, त्यानं बंद न करताही काम होतं बऱ्याचदा. आणि कायमचा उपाय म्हणजे कॉम्प्युटरला लावतात तो साधा ६०० व्हीएचा यूपीएस, त्यावर कीबोर्डचा ॲडॉप्टर आणि ऑडिओ इंटरफेस (आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारी बाहेरची डबी, असेल तर) लावा. घरचा इन्व्हर्टर आहे म्हणून गप्प बसू नका, साधा इन्व्हर्टर लाईटवरून बॅटरीवर जाताना जो क्षण घेतो तेवढ्यात कीबोर्ड पडू शकतो. शिवाय इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर जुन्या जड ॲडॉप्टरमधून घूं घूं येतं ते वेगळंच, रेकॉर्डिंगच्या खोलीला साईन वेव्हच पाहिजे.

ॲडॉप्टरचं अजून एक. हरवला म्हणून बाजारातून १२ व्होल्टचा कुठलाही आणला, पिन बसली, लाईट लागली, चालतंय असं वाटतं. पण करंट कमी पडला की नुसता चालू असताना ठीक आणि आवाज वाढवून जोरात वाजवलं की रिसेट. ओरिजिनलवर जेवढे व्होल्ट तेवढेच आणि ॲम्पिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनचा मधला भाग प्लस आहे की मायनस ते गोलाचं चित्र छापलेलं असतं ते जुळवून घ्या, काही जुन्या कॅसिओंना मधला मायनस लागतो, तिथं चूक झाली तर मग ही पोस्ट वाचायची गरज राहणार नाही.

लाईट ओके असेल तर केबल. यूएसबीची चौकोनी तोंडाची, जिला सगळे प्रिंटरची केबल म्हणतात, ती सहसा धोका देत नाही, पण लांब नको, यूएसबी २ ला ५ मीटर ही हद्द आहे आणि प्रत्यक्षात दोन मीटरच्या आत राहिलेलं बरं. छोट्या मिडी कंट्रोलरना टाईप सी किंवा मायक्रो यूएसबी असतं तिथं मात्र बघा, कारण मोबाईलच्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, आत डेटाच्या तारा नसतातच, कंट्रोलरची लाईट लागते आणि कॉम्प्युटरला पत्ताच नसतो. त्याच केबलनं फोन लावून फोटो कॉपी होतात का बघा, होत असतील तर केबल चांगली. हब (एका पोर्टाची अनेक पोर्ट करणारी डबी) नको, सरळ लॅपटॉपच्या पोर्टात.

जुना कीबोर्ड असेल, मागं यूएसबी नसेल, फक्त मिडी इन आणि मिडी आऊट अशी पाच पिनांची भोकं असतील, तर यूएसबी-मिडीवाली जी मध्ये छोटी डबी असलेली वायर मिळते ती लागते. तिच्या एका तोंडावर इन लिहिलेलं असतं आणि दुसऱ्यावर आऊट, आणि माणूस साहजिकच इन मध्ये इन घालतो. डोकं असं लावायचं की कीबोर्डमधून बाहेर पडणारं कॉम्प्युटरच्या आत जायचंय, म्हणून वायरीचं इन ते कीबोर्डच्या आऊटला. पण काही स्वस्त वायरींवर उलटं छापलेलं असतं (कनेक्ट टू इन अशा अर्थानं), म्हणून नाही चाललं तर सरळ अदलाबदल करून बघा, काही जळत नाही. डबीवर छोटे लाल दिवे असतात, की दाबल्यावर एखादा लुकलुकला पाहिजे. एकेक स्वर बरोबर जातो पण दोन्ही हातांनी भरून वाजवलं की मधले स्वर खातं किंवा एखादा स्वर दाबून धरल्यासारखा वाजतच राहतो, अशी तक्रार ह्या अगदी स्वस्त डब्यांची असते. मिडीचा वेग ३१२५० बिट सेकंदाला, म्हणजे एक स्वर जायला जेमतेम एक मिलिसेकंद, दहा बोटांना तो पुरून उरतो, म्हणजे खाणारी डबीच. ती बदला, तिला दुसरा इलाज नाही.

आता विंडोज, आणि इथं मी जरा सावकाश सांगतो कारण "केबल बदलली आणि चाललं" ह्याचं गुपित इथंच आहे. बऱ्याच कीबोर्डांना यूएसबीच्या दृष्टीनं स्वतःचा सिरीयल नंबर नसतो. मग विंडोज त्याला कुठल्या पोर्टात लावलाय त्यावरून ओळखतं. आज डावीकडच्या पोर्टात लावला, एक नाव. उद्या उजवीकडच्या पोर्टात, विंडोजच्या मते हा दुसराच कीबोर्ड, त्याला नाव देतं तेच पण पुढं २ लावून. परवा हबमध्ये, ३ लावून. तुमच्या प्रोजेक्टमध्ये मात्र पहिलंच नाव लिहिलेलं असतं आणि ते आता गैरहजर. डिव्हाइस मॅनेजर उघडा, वर व्ह्यू मध्ये शो हिडन डिव्हायसेस ला टिक करा आणि साऊंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स उघडून बघा. शहापुरातल्या एका पेटीवाल्या काकांच्या लॅपटॉपवर हे उघडलं तर एकाच कीबोर्डची रांगच्या रांग, एक ठळक आणि बाकीची सगळी फिकट झालेली, कधीकाळी लावलेल्या प्रत्येक पोर्टाची आठवण ठेवून विंडोज बसलेलं. काका म्हणाले, "एवढे कीबोर्ड मी कधी घेतलो ओ?" फिकट आहेत तेवढ्यांवर राईट क्लिक करून अनइन्स्टॉल करा, कीबोर्ड काढा, लॅपटॉप रिस्टार्ट करा, आणि एक पोर्ट ठरवून टाका. त्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा, कीबोर्ड फक्त इथंच. हसू येईल पण एवढ्यानं निम्मे "परत लागंना" बंद होतात.

रिस्टार्ट म्हणजे रिस्टार्टच. शट डाऊन करून चालू केलं तर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज जुनीच अवस्था अर्धवट साठवून परत आणतं, ड्रायव्हरचा घोळ तसाच राहतो. लोक सांगतात बंद करून चालू केलं तरी होईना, त्याचं कारण हे.

तसंच पॉवरचं सेटिंग. लॅपटॉप बॅटरी वाचवायला यूएसबीला झोपवतो. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, चेंज प्लॅन सेटिंग्ज, मग ॲडव्हान्स्ड, तिथं यूएसबी सेटिंग्जमध्ये सिलेक्टिव्ह सस्पेंड असतं ते डिसेबल. काही नवीन लॅपटॉपांत हा पर्याय तिथं दिसतच नाही, मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबवर, वीज वाचवायला हे उपकरण बंद करू द्या अशा अर्थाची टिक असते, ती काढा. ऑटो पॉवर ऑफ कीबोर्डकडून आणि हे लॅपटॉपकडून, दोन्ही बाजूंनी झोप येते म्हणून एकच बाजू बंद करून भागत नाही.

ड्रायव्हर. आजचे बरेच कीबोर्ड बिनड्रायव्हरचे लागतात, कॅसिओ, यामाहाचे नवीन बरेचसे. रोलंडच्या बऱ्याच मॉडेलांत मात्र सिस्टिम मेनूमध्ये यूएसबी ड्रायव्हर म्हणून एक सेटिंग असतं, जेनेरिक की व्हेंडर. व्हेंडरवर असेल तर कंपनीच्या साईटवरचा ड्रायव्हर टाकलेला पाहिजे, नसेल तर कॉम्प्युटर नुसता बघत बसतो. विंडोज नवीन टाकून आणलं आणि त्यानंतर दिसायचंच बंद झालं, असं ज्यांचं असतं त्यांचं नव्वद टक्के हेच, ड्रायव्हर फॉरमॅटबरोबर गेला. आणि हे सेटिंग बदललं की कीबोर्ड बंद करून चालू करावा लागतो, नाहीतर जुनंच चालू राहतं.

मिडी-ऑक्समध्ये ओळी येतात पण रेकॉर्डिंगमध्ये काही नाही, ह्या बाजूला आता फार वेळ घालवत नाही. कीबोर्ड आधी चालू, सॉफ्टवेअर नंतर, हा क्रम पाळा. प्रेफरन्सेसमधल्या मिडीच्या पानावर कीबोर्डचं नाव एनेबल आहे का बघा. ट्रॅकवर इनपुट मिडी, ऑल चॅनेल्स, रेकॉर्डचं लाल बटण दाबलेलं, मॉनिटर चालू, आणि ट्रॅकवर एखादं इन्स्ट्रुमेंट लावलेलं. मीटर हलतो पण आवाज नाही म्हणजे इन्स्ट्रुमेंट लावायचं राहिलंय. ऑडॅसिटीत मिडी रेकॉर्ड होत नाही हो, ते ऑडिओचं सॉफ्टवेअर आहे, त्यात कीबोर्ड शोधत बसू नका. कीबोर्डमधली स्टाईल, म्हणजे तयार साथ, लावून वाजवलं आणि फक्त बोटांचे स्वर आले, ढोलकीचा ठेका आलाच नाही, तर कीबोर्डमध्ये अकम्पनिमेंट आऊट सारखं सेटिंग ऑफ असतं ते ऑन करा.

एक की दाबली की दोन आवाज येतात, जरासा फेज मारल्यासारखा पातळ आवाज, हेही नेहमीचं. एक आवाज कीबोर्डचा स्वतःचा आणि दुसरा कॉम्प्युटरनं परत पाठवलेला. लोकल कंट्रोल ऑफ करा, म्हणजे कीज फक्त कॉम्प्युटरशी बोलतात. पण नंतर कार्यक्रमाला जाताना ते परत ऑन करायला विसरू नका, स्टेजवर कीबोर्ड मुका होतो आणि साऊंडवाला उगीच बोलणी खातो.

पेटीवरून कीबोर्डवर आलेल्यांना ट्रान्सपोजची भारी सवय असते. काळी चार सांगितली की ट्रान्सपोज दाबून पांढरी एकच्याच बोटांनी वाजवायचं. काही कीबोर्डांत ट्रान्सपोज मिडीतही जातं, काहींत फक्त आतल्या आवाजाला लागतं. बेळगावात पेटीची परंपरा मोठी, पं. रामभाऊ विजापुरेंसारखे पेटीवादक ह्या गावात राहून गेले, त्यामुळे इथं स्केल चुकलेलं कुणाच्या कानातून सुटत नाही, पण ते कुठल्या सेटिंगमुळे चुकलं ते मात्र सापडत नाही. रेकॉर्डिंगला ट्रान्सपोज शून्यावर ठेवा आणि जे करायचं ते सॉफ्टवेअरमध्ये करा, म्हणजे पुढच्या रविवारी तोच ट्रॅक उघडला तर स्वर जुळतील.

उशीर, म्हणजे लेटन्सी. बोट आत्ता, आवाज मग. सगळ्यात आधी कानात ब्लूटूथ आहे का बघा, असेल तर काढा, शंभर-दोनशे मिलिसेकंद तिथंच जातात आणि बाकी काहीही केलं तरी उपयोग नाही. वायरचा हेडफोन घ्या. मग ऑडिओ सेटिंगमध्ये आसिओ (एएसआयओ, कमी उशिराचा ऑडिओ ड्रायव्हर) निवडा, इंटरफेस असेल तर त्याच्या कंपनीचा, नसेल तर आसिओ-फोर-ऑल. बफर, म्हणजे आवाज पुढं सोडायच्या आधी साठवायचा कप्पा, ४४१०० च्या सॅम्पल रेटवर १०२४ असेल तर २३ मिलिसेकंद, ५१२ ला साधारण १२, २५६ ला ६ च्या आत. वाजवताना २५६, चरचर आली तर ५१२, आणि मिक्सिंगला बसलं की १०२४ करून टाका. आसिओ-फोर-ऑल चालू असताना यूट्यूबचा आवाज गेला तर तोही बिघाड नाही, त्यानं साऊंड कार्ड एकट्यानं धरलेलं असतं.

राहिला कीबोर्डचाच आवाज घ्यायचा प्रश्न, कारण सनई, तबला, आपल्याकडचे टोन कीबोर्डमध्येच चांगले असतात आणि ते सोडून कॉम्प्युटरमधला परदेशी पियानो कुणाला पाहिजे. लॅपटॉपचं जे एकच छोटं भोक असतं त्यात हेडफोनची वायर घालू नका, ते आत घेतं ते मोबाईलच्या माईकसारखं, एकच चॅनेल आणि तेही माईकच्या नाजूक लेव्हलचं, कीबोर्डचा आवाज तिथं फाटतोच. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस घ्या, कीबोर्डच्या लेफ्ट आणि राईट मधून दोन मोनो वायरी, दोन्ही टोकांना मोठा जॅक, जो दुकानात पी-३८ म्हणून मागायचा. इंटरफेसवर इन्स्टचं (गिटारसाठीचं) बटण असेल तर ते बंद, लाईनवर. कीबोर्डला फक्त हेडफोनचंच भोक असेल तर एकीकडं स्टिरिओ पी-३८ आणि दुसरीकडं दोन मोनो अशी वाय वायर. कीबोर्डचा आवाज पाऊण ठेवा आणि सॉफ्टवेअरमधला मीटर उणे १२ डीबीच्या आसपास.

हे केलं की पुढचा प्रॉब्लेम हम्म असा आवाज. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, हम्म गेला तर तो जमिनीच्या तारेचा खेळ आहे, ग्राऊंड लूप (दोन वाटांनी अर्थ जोडला जाणं) नाहीतर चार्जरची गळती. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणा, हे पहिलं. मग बोर्डाला खरंच अर्थिंग आहे का ते तपासून घ्या. वडगावातल्या जुन्या घरात वायरमन आला, तीन पिनांच्या सॉकेटात मीटर लावला आणि सरळ म्हणाला, "अर्थ इल्लच री," म्हणजे अर्थ नाहीच. भोक तीन, तारा दोन. असं खूप घरांत आहे. मीटरवर फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास आणि न्यूट्रल आणि अर्थमध्ये एखाद-दोन व्होल्ट दिसले तर ठीक, नाहीतर खड्डा बघा. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालायचं असतं हे आता लोक विसरलेत, म्हणून एप्रिल-मे मध्ये हम्म आणि जुलैमध्ये आपोआप बंद असंही होतं. जॅकला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर रेकॉर्डिंग राहू दे, आधी वायरमन बोलवा. आणि हम्म जातो म्हणून प्लगची अर्थची पिन कुणी कापायला सांगितलं तर ऐकू नका, ती पिन तुमच्या जीवासाठी आहे. अर्थिंग बरोबर असूनही हम्म राहिला तर वायरीच्या मध्ये ग्राऊंड लूप आयसोलेटर किंवा डीआय बॉक्स लावायचा, दोन्ही आवाज जाऊ देतात पण जमिनीची तार तोडतात.

लॅपटॉपच नसेल तर अँड्रॉइड फोनलाही मिडी लागते, अँड्रॉइड ६ पासून पुढं, ओटीजीचा तुकडा (फोनला मोठी यूएसबी लावायचा) आणि प्रिंटरची केबल एवढंच. फोननं विचारलं यूएसबी कशासाठी, तर मिडी निवडायचं.

एवढं करूनही दिसंना तर विचारताना नुसतं "कॅसिओ आहे, लागंना" असं नको. कीबोर्डच्या खाली चिकटवलेला पूर्ण मॉडेल नंबर, विंडोज १० की ११, मिडी-ऑक्समध्ये ओळ येते की नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आहे का, आणि शेवटचं व्यवस्थित चाललं त्यानंतर लाईट गेली होती का, नवीन काय टाकलं, कुठलं पोर्ट बदललं, हे सांगा, म्हणजे दुसऱ्या फोनची गरज पडत नाही.